उमरेडचा विणकर आणि उपजीविकेची हमी : एक तुलनात्मक विचार

(१)

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, आंब नदीच्या काठी वसलेले उमरेड हे तालुक्याचे गाव विणकामासाठी दीर्घकाळ ख्यात होते. रेशीमकाठी धोतरे व उपरणी विणणाऱ्या कोष्ट्यांचे हे एक प्रमुख केंद्र. या गावाचा राजकीय इतिहास भोसल्यांच्या इतिहासात सामावलेला असल्यामुळे त्याचा स्वतंत्र विचार क्वचितच झाला आहे. परंतु राज्यसंस्था प्रजेच्या उपजीविकेची हमी कधी, कोणाला व कोणत्या अटीवर देते, हा प्रश्न अभ्यासावयाचा झाल्यास उमरेडसारखे गाव राजधानीपेक्षा अधिक बोधप्रद ठरते. याचे कारण असे की, शेतकरी, शेतमजूर, कारागीर व पुढील काळातील खाणकामगार असे उपजीविकेचे निरनिराळे प्रकार येथे एकाच शिवारात नांदले. आणि राज्यसंस्थेने त्यांपैकी प्रत्येकाला निराळ्या मापाने मोजले.

नागरिकाला किमान उत्पन्नाची शाश्वती असावी, या कल्पनेचा ऊहापोह करताना उत्तर युरोपातील स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड या देशांकडे बोट दाखविण्याचा प्रघात आहे. हे देश मुळातच संपन्न होते, म्हणून त्यांना हे साधले. दरिद्री देशांना ते अनुकरणीय नव्हे, असाही एक समज त्याबरोबर प्रचलित आहे. इतिहासाच्या कसोटीवर हा समज कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी प्रथम उमरेडकडे आणि मग उत्तरेकडे वळणे इष्ट होईल.

(२)

तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. या चार घटनांनी विणकराच्या जीवनाची चौकट बदलली. दरबार व त्याभोवतीचा सरदारवर्ग हा उंची वस्त्राचा गिऱ्हाईक होता. तो क्षीण झाला. आगगाडीने विलायती कापड व सूत आले. पाठोपाठ देशी गिरणीचे सूतही उपलब्ध झाले.

तरीही हातमाग नाहीसा झाला नाही. गिरणीच्या स्वस्त सुताचा स्वीकार करून आणि गिरणीला सहजी न साधणाऱ्या रेशीमकाठाचा आश्रय घेऊन विणकर टिकला. मात्र टिकण्याची किंमत त्याला द्यावी लागली. सूत उधारीवर देणारा व तयार कापड आपल्या भावाने उचलणारा व्यापारी हा त्याच्या घरातील अदृश्य भागीदार झाला. माग स्वतःचा, घर स्वतःचे, कसब स्वतःचे; परंतु ताणा व बाणा दोन्ही दुसऱ्याच्या भांडवलाचे, अशी ही स्थिती होती. अशा माणसाला स्वतंत्र कारागीर म्हणावे की घरबसल्या राबणारा मजूर म्हणावे, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. संकटसमयी राज्यसंस्थेने त्याला कोणत्या रकान्यात घालावे, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

हे संकट १८९६-९७ मध्ये आले आणि १८९९-१९०० मध्ये पुन्हा आले. दुष्काळात विणकराची हानी कशी होते, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. त्याचे पीक बुडत नाही, कारण त्याला बहुधा शेतच नसते. पाऊस गेला की शेतकरी प्रथम नवे वस्त्र घेणे सोडतो, लग्नसराई थांबते, व्यापारी सूत देणे बंद करतो. त्याच वेळी जोंधळ्याचा भाव चढतो. एका बाजूने मिळकत शून्यावर येते व दुसऱ्या बाजूने अन्नाची किंमत वाढते. बाजारात धान्य असूनही विणकर उपाशी राहू शकतो. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दुष्काळविषयक ग्रंथात अन्नाचा तुटवडा आणि अन्नावरील हक्काचा लोप यांत जो भेद केला, तो विणकराच्या उदाहरणात जितका स्वच्छ दिसतो तितका अन्यत्र क्वचितच दिसेल.

(३)

दुष्काळातील सरकारी कर्तव्याची मीमांसा १८८० च्या दुष्काळ आयोगाने केली व त्यावरून १८८३ मध्ये नमुन्याची दुष्काळ-संहिता सिद्ध झाली. तिचे मुख्य सूत्र असे : धडधाकट माणसाला मदत द्यावयाची ती कामाच्या मोबदल्यात, काम कष्टाचे असावे आणि मजुरी जेमतेम पोटापुरती असावी. जो खरोखर गरजू असेल तोच अशा कामावर येईल, म्हणून काम हीच गरजेची कसोटी. जे काम करण्यास असमर्थ, त्यांना धर्मादाय मदत.

पोटापुरती म्हणजे किती, हा वाद त्यापूर्वीच पेटलेला होता. १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी दिवसाला एक पौंड धान्य व वर थोडी रोकड, एवढ्या मजुरीवर मजुराचे भागते, असे मानले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी त्यास वैद्यकीय आधारावर विरोध केला. मुंबई इलाख्यात कामावरच्या मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. दुष्काळी मजुरी हा सरकारी कृपेचा विषय नसून वादाचा व न्यायाचा विषय आहे, ही जाणीव महाराष्ट्रात या प्रसंगी सार्वजनिक रीतीने व्यक्त झाली. रोजगाराच्या हक्काचा जो इतिहास पुढे घडला, त्याचे एक मूळ येथे आहे.

विणकरासंबंधी संहितेपुढे एक विशेष अडचण होती. खडी फोडणे, तलावाची माती उपसणे, रस्त्यावर भराव टाकणे हीच दुष्काळी कामे. ज्या हाताने बारीक धागा सांधावयाचा, त्या हाताने महिना-दोन महिने खडी फोडली तर बोटांचा हळुवारपणा जातो. शिवाय माग घरी, काम दूर; कुटुंब कामाच्या छावणीवर गेले की माग धूळ खात पडतो, फणी मोडते, व्यापाऱ्याशी असलेला संबंध तुटतो. म्हणजे जीव वाचविण्यासाठी धंदा गमवावा लागतो. यासाठी विणकराला त्याच्याच धंद्यात मदत देण्याची तरतूद संहितांत करण्यात आली : त्याला सूत पुरवावे, तयार कापड सरकारने अथवा मदत-समितीने घ्यावे आणि मजुरी द्यावी.

या तरतुदीकडे अधिकारी संशयाने पाहत. घरात बसून केलेल्या कामाला गरजेची कसोटी कशी लावावयाची? घेतलेले कापड विकावयाचे कोठे? विकले तर बाजारातील इतर विणकरांचे भाव पडणार, न विकले तर सरकारी तिजोरीवर बोजा पडणार. या शंका निराधार नव्हत्या. पण त्यांमागील गृहीत तत्त्व अधिक महत्त्वाचे आहे. राज्यसंस्थेने जीविताची जबाबदारी पत्करली होती, उपजीविकेची नव्हे. माणूस जगला पाहिजे; तो विणकर म्हणून जगला पाहिजे, असे नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात मध्यप्रांताने अन्नछत्रे उघडून व कामे काढून फार मोठ्या प्रमाणावर मदत दिली. ऐन भरात मदत घेणाऱ्यांची संख्या २० लाखांच्या वर गेली. तथापि १९०१ च्या जनगणनेत प्रांताची लोकसंख्या १८९१ च्या मानाने घटलेलीच आढळली. या मदतीच्या नोंदीत माणसांची मोजदाद दिवसवार आहे. किती माग पुन्हा सुरू झाले, हे मोजण्याचे कारण त्या व्यवस्थेला नव्हते.

(४)

आता उत्तर युरोपाकडे पाहू. फिनलंडमध्ये १८६६ ते १८६८ या काळात भीषण दुष्काळ पडला. १८६७ च्या सप्टेंबरातील अकाली हिमदवाने उभे पीक करपले. त्या दुष्काळात व त्यासोबतच्या साथींत देशाच्या लोकसंख्येपैकी सुमारे आठ टक्के माणसे दगावली. युरोपात शांततेच्या काळी पडलेल्या अखेरच्या मोठ्या दुष्काळांत याची गणना होते. अर्थखात्याचे प्रमुख स्नेलमन यांचे धोरणही फुकट मदत न देता कामाच्या मोबदल्यात मदत द्यावी, असेच होते. रीहिमाकी ते सेंट पीटर्सबर्ग हा लोहमार्ग दुष्काळी काम म्हणून बांधण्यात आला आणि त्या कामावर जमलेल्या उपाशी मजुरांत साथीने अनेकांचा बळी घेतला. दुष्काळानंतर १८७९ मध्ये झालेल्या गरीब-कायद्याने मदतीचा हक्क विस्तृत न होता उलट आकुंचित झाला.

स्वीडनमध्येही चित्र फारसे निराळे नव्हते. गरीब-मदतीवर जगणाऱ्यास मतदानाचा अधिकार नसे. ही अपात्रता १९४५ मध्ये दूर झाली. १९१४ नंतर बेकारांसाठी काढलेल्या सरकारी कामांची मजुरी बाजारातील मजुरीपेक्षा हेतुतः कमी ठेवलेली असे. म्हणजे कष्टाचे काम, कमी मजुरी व प्रतिष्ठेचा लोप ही त्रयी नागपूरला जशी होती तशीच तेथेही होती. तेव्हा संपन्नतेमुळे उदारता आली, हा समज टिकत नाही. आरंभ दोन्हीकडे सारखाच दरिद्री व सारखाच कठोर होता.

भेद पडला तो पुढे. डेन्मार्कने १८९१ मध्ये वृद्धांसाठी गरीब-कायद्याहून वेगळी, करातून दिली जाणारी मदत सुरू केली. ती घेणाऱ्याचे नागरी हक्क जात नसत. स्वीडनने १९१३ मध्ये जवळजवळ सर्व लोकसंख्येला लागू होणारा निवृत्तिवेतनाचा कायदा केला. त्याचे मर्म असे की, औद्योगिक कामगारांपुरता तो मर्यादित नव्हता. छोटा शेतकरी व कारागीर यांचाही त्यात समावेश होता. १९३३ मध्ये स्वीडनमधील सामाजिक लोकशाही पक्ष व शेतकरी पक्ष यांच्यात तडजोड झाली. कामगारांच्या पक्षाने शेतमालाच्या भावाला संरक्षण मान्य केले. शेतकऱ्यांच्या पक्षाने बेकारांच्या कामावर बाजारभावाची मजुरी मान्य केली. त्याच वर्षी जानेवारीत डेन्मार्कमध्येही तत्सम करार झाला होता. फिनलंडने १९३७ मध्ये राष्ट्रीय निवृत्तिवेतनाचा कायदा केला.

या क्रमावरून दिसते की, किमान उत्पन्नाची शाश्वती ही एखाद्या तत्त्वज्ञाच्या लेखणीतून उतरली नाही. ज्यांना सुरक्षा हवी होती असे दोन निराळे वर्ग, छोटा शेतकरी व मजूर, एकमेकांच्या सुरक्षेचा खर्च उचलण्यास तयार झाले, तेव्हा ती अस्तित्वात आली.

(५)

महाराष्ट्रात अशा देवाणघेवाणीचा प्रसंग १९७० ते १९७३ च्या अवर्षणात आला. त्याची पूर्वतयारी मात्र आधीपासून चालू होती. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने आर्थिक कुवतीच्या मर्यादेत कामाचा हक्क व बेकारी, वार्धक्य, आजार यांत सार्वजनिक साह्याचा हक्क मिळवून देणे हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरविले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे मागेल त्याला काम या कल्पनेचा प्रयोग करविला. वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मधील आपल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात ग्रामीण कामांची हमी हाच दारिद्र्यनिवारणाचा मुख्य उपाय असल्याचे प्रतिपादन केले. १९७२ मध्ये वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात योजना राज्यभर स्वीकारण्यात आली. परंतु अवर्षणामुळे प्रथम दुष्काळी कामांनाच अग्रक्रम मिळाला. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती.

पुढे १९७५ मध्ये व्यवसायकराचा कायदा झाला. शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्याकडून मिळणाऱ्या या कराचे उत्पन्न रोजगार हमीस जोडण्यात आले व तितकीच रक्कम राज्याने घालावयाची, असे ठरले. मुंबईच्या पगारदाराने विदर्भ-मराठवाड्यातील मजुराच्या कामाचा खर्च अंशतः उचलावा, अशी ही व्यवस्था होती. १९३३ च्या स्वीडिश तडजोडीशी तिचे साम्य स्पष्ट आहे. मात्र तेथे दोन संघटित वर्गांचा समोरासमोर करार झाला, येथे विधिमंडळाने तो सर्वांच्या वतीने केला. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. काम मागणाऱ्या प्रौढास पंधरा दिवसांत काम आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता, ही त्याची दोन कलमे म्हणजे १८८० च्या सूत्राची उलटापालट होती. पूर्वी काम ही सरकारने गरजूची घेतलेली परीक्षा होती. आता काम देणे ही नागरिकाने सरकारची घेतलेली परीक्षा झाली.

याच १९७२ मध्ये फिनलंडने आपल्या संविधानात दुरुस्ती करून नागरिकास काम करण्याची संधी मिळवून देणे ही आवश्यक तेव्हा राज्याची बाब असल्याचे नमूद केले, हा योगायोग लक्षणीय आहे. फिनलंडमध्ये १९८७ च्या रोजगार कायद्याने तरुण व दीर्घकालीन बेकारांस काम देण्याचे बंधन आणखी दृढ केले. परंतु १९९० च्या दशकारंभीच्या तीव्र मंदीत ते सोडून द्यावे लागले. त्यानंतर तेथील भर कामाच्या हमीवरून निर्वाहाच्या हमीकडे सरकला आणि २००० मध्ये अंमलात आलेल्या नव्या संविधानाने निर्वाहास अपरिहार्य अशा साह्याचा हक्क प्रत्येकास दिला. २०१७ व २०१८ या दोन वर्षांत २,००० बेकारांना दरमहा ५६० युरो विनाअट देण्याचा प्रयोग तेथे झाला. काम मिळण्यावर त्याचा परिणाम अल्प आढळला. मानसिक स्वास्थ्य व भविष्याविषयीचा विश्वास यांत मात्र प्रयोगातील लोक इतरांपेक्षा बरे आढळले.

(६)

रोजगार हमी आल्यानंतर उमरेडच्या विणकराचे काय झाले, हा प्रश्न आता विचारता येतो. १९७७ च्या कायद्याने हमी दिली ती अकुशल अंगमेहनतीच्या कामाची. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते ही त्याची कामे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानेही दर ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची हमी दिली ती अकुशल कामाचीच. शेतमजुराला, विशेषतः शेतमजूर स्त्रियांना, त्याचा मोठा लाभ झाला, हे निर्विवाद आहे. परंतु विणकराच्या दृष्टीने १८९७ चा पेच जसाच्या तसा राहिला. हमी हवी असेल तर त्याने माग सोडून कुदळ हाती घ्यावी. माग धरून राहावयाचे असेल तर हमीबाहेर राहावे.

त्याच्यासाठी राज्यसंस्थेने निराळी वाट काढली. १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ आले. १९५३ च्या कायद्याने गिरणीच्या कापडावर जादा अबकारी कर बसवून तो पैसा खादी व हातमागाच्या विकासासाठी राखून ठेवला. विणकरांच्या सहकारी संस्था निघाल्या. १९७१ मध्ये महाराष्ट्र राज्य हातमाग महामंडळ नागपूर येथे स्थापन झाले. सूत पुरवावे, मजुरी द्यावी, कापड घ्यावे ही त्याची पद्धत. म्हणजे दुष्काळ-संहितेतील विणकर-मदतीचेच हे स्थायी रूप होते. १९८५ मध्ये काही वाण हातमागासाठी राखून ठेवण्याचा कायदा झाला. परंतु या सर्व उपायांचा विषय माग होता, माणूस नव्हता. कापड खपले तर मजुरी. न खपले तर महामंडळाच्या गोदामाबरोबर विणकराचेही भवितव्य बंदिस्त. यंत्रमागाने रेशीमकाठाचे अनुकरण करण्यास प्रारंभ केला, तेव्हा हे संरक्षण अपुरे पडले.

याच्या शेजारी दुसरे चित्र आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उमरेड परिसरात उघड्या कोळसाखाणी निघाल्या. १९७३ मध्ये कोळसा उद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले व १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्सची स्थापना झाली. खाणकामगारास १९४८ च्या कायद्याने भविष्यनिर्वाह निधी व १९९८ पासून निवृत्तिवेतन लाभले. गिरणीकामगाराच्या बाबतीत तर नागपूरची परंपरा याहून जुनी आहे. एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये निवृत्तिनिधी व १९०१ मध्ये भविष्यनिर्वाह निधी सुरू केला होता. एकाच गावात एका माणसाच्या वार्धक्याची तरतूद कायद्याने झालेली; दुसऱ्याला काम मागण्याचा हक्क, पण तो हातपाय चालतील तोवरच; आणि तिसऱ्याच्या हाती केवळ धोटा व बाजारभाव. थकलेल्या विणकरास वा त्याच्या विधवेस जे मिळे ते १९८० मध्ये राज्याने सुरू केलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून, आणि तेही तो निराधार असल्याचे सिद्ध झाल्यावर. आयुष्यभर कसब चालविलेल्या माणसाला मदत मिळण्यासाठी प्रथम आपण निराधार आहोत असे लिहून द्यावे लागावे, यातील विसंगती बोलकी आहे.

डेन्मार्कने १८९१ मध्ये व स्वीडनने १९१३ मध्ये जी गाठ सोडविली, ती नेमकी हीच होती. धनी कोण, धंदा कोणता, माणूस निराधार आहे की नाही, हे प्रश्न न विचारता केवळ नागरिकत्व व वय यांवरून वार्धक्यवेतन देण्याच्या दिशेने ते वळले. त्यामुळे छोटा शेतकरी, कोळी, शिंपी, विणकर हे सर्व एका छत्राखाली आले आणि ज्या योजनेत सर्वांचा वाटा, ती मोडण्यास कोणी सहसा धजले नाही. याउलट महाराष्ट्रात सुरक्षा वर्गावर्गाने वाटली गेली : संघटित कामगाराला एक, मजुराला दुसरी, कारागिराला तिसरी. जुलै १९८५ मध्ये मुंबईतील पदपथवासीयांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क अंतर्भूत असल्याचा निर्णय दिला, तेव्हा तत्त्वतः हा भेद मिटला. २०२४ मध्ये राज्याने २१ ते ६५ वर्षे वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये देण्याची योजना जाहीर केली. रोख उत्पन्न थेट व्यक्तीच्या हाती देण्याकडे हा एक वळसा होता. तथापि त्यातही पात्रतेची चाळणी राहिलीच.

(७)

या विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली : उत्तर युरोपातील सुरक्षेचा उगम संपन्नतेत नसून दुष्काळ, गरीब-कायदा व कमी मजुरीची सरकारी कामे यांच्या कटू अनुभवात आहे. तो अनुभव मध्यप्रांताला अपरिचित नव्हता. दुसरी : कामाच्या हमीचा कायदा करण्यात महाराष्ट्र कोणाच्या मागे नव्हता, किंबहुना १९९० नंतर फिनलंडने जे सोडले ते महाराष्ट्राने धरून ठेवले. तिसरी व सर्वांत महत्त्वाची : जीविताचे रक्षण, श्रमाचे रक्षण व उपजीविकेचे रक्षण या तीन भिन्न गोष्टी आहेत. दुष्काळ-संहितेने पहिली पत्करली, रोजगार हमीने दुसरी. तिसरीचा प्रश्न विणकराने उपस्थित केला.

माग वाचवावयाचा की विणकर, असा हा पेच नेहमी मांडला जातो. उत्तर युरोपाचा अनुभव असे सुचवितो की, आधी माणसाची शाश्वती झाली म्हणजे धंदा धरावा की सोडावा याचा निर्णय तो स्वतः घेऊ शकतो. उमरेडच्या विणकराला तो निर्णय स्वखुशीने घेण्याची सवड क्वचितच मिळाली. १८९७ मध्ये तो दुष्काळाने घेतला, पुढे बाजाराने घेतला. आणि हमीच्या कायद्याने त्याच्यापुढे कुदळीचा पर्याय ठेवला. विदर्भाच्या आर्थिक इतिहासात कापूस व कोळसा यांचा हिशेब पुष्कळ झाला आहे. या निर्णयाचा हिशेब अद्याप मांडावयाचा आहे.